तिसऱ्या रांगेतली हजेरी

देशातल्या फुटबॉलची एक उतरंड असते. सगळ्यात वरच्या मडक्यात ते खेळाडू, ज्यांनी केस कापले तरी बातमी होते. त्याखालच्या श्रेणीत गुडघा मोडला तर बातमी होते. तिसरीत माणूस गेला तर होते, तीही आतल्या पानावर. आणि चौथी श्रेणी म्हणजे ही आपली मंडळी, आठवडाभर नोकरीधंदा करून शनिवारी दुपारी अर्धी चड्डी चढवणारी. कागदोपत्री यांना अर्धव्यावसायिक म्हणतात. त्यातला व्यावसायिक अर्धा कुठला, हे अजून कोणाला सापडलेलं नाही.

ज्या क्लबाची ही गोष्ट, त्याचा गोलरक्षक पोस्टमन होता. घरपोच सेवेची सवय अंगात इतकी मुरलेली की समोरून आलेली वस्तू तो सहसा अडवत नसे. प्रशिक्षकाचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. रेषेबाहेरून तो "आरशात बघ, आरशात!" असं ओरडायचा आणि विंगर बिचारा खरंच थांबून मागे बघायचा. अध्यक्षांचं प्लायवूडचं दुकान. त्यामुळे क्लबातलं कपाट, टेबल, गोलफलक सगळं प्लायवूडचं होतं. मजबूत फळी तेवढी बचावात नव्हती.

आणि फाटकावर मोजकाका.

हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे, क्लबातल्या पोरांनी ठेवलेलं. मोजकाकांची नोकरी वजनमापं तपासण्याची. बाजाराच्या गल्लीत ते दिसले की वीस पावलांवरचे तराजू आपोआप शुद्धीवर येत. सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातलं किलोचं वजन पाच ग्रॅमने हलकं निघालं, तर त्यांनी ते तिथल्या तिथे जप्त केलं आणि वर मेव्हण्याकडेच चहा मागितला. मेव्हणा तेव्हापासून बोलत नाही. बायको बोलते, पण ती त्या विषयावर काय बोलते ते इथे न लिहिलेलं बरं.

असा माणूस गेली अकरा वर्षं दर शनिवारी क्लबाच्या फाटकावर उभा राहून प्रेक्षक मोजायचा. हातात अंगठ्याने दाबायचं एक छोटं यंत्र, ज्याला सगळे टिकटिक म्हणत. प्रवेश फुकट होता. तरी लोक येत नसत, हा भाग वेगळा. मोजकाका चेहरे बघत नसत, पाय बघत. चेहरा फसवतो, पाय फसवत नाही, असं त्यांचं शास्त्र. कडेवरचं मूल मोजायचं की नाही यावरून एकदा रण पेटलं होतं. "पाय जमिनीला लागले तर माणूस," मोजकाका म्हणाले होते, "नाहीतर सामान." एका सामन्याला अध्यक्षांनी कागदावर एकशे चाळीस लिहिले होते, मोजकाकांनी खोडून एक्केचाळीस केले आणि शेजारी सही ठोकली. तेव्हापासून राज्यभरच्या फुटबॉल संघटनेत त्यांच्या आकड्याला कोणी हात लावत नसे. संघ काय, दर आठवड्याला हरतच होता. क्लबाकडे अब्रू म्हणावी अशी चीज होती ती हा आकडा.

आणि नेमका त्याच आकड्यावर यंदा घाला आला. संघटनेने फर्मान काढलं: चौथ्या श्रेणीतल्या प्रत्येक क्लबाच्या घरच्या सामन्यांना सरासरी शंभर प्रेक्षक हवेत. नसतील तर, गुण कितीही असोत, रवानगी पाचव्या श्रेणीत. पाचवी श्रेणी म्हणजे जिथे गोलाला जाळी लावणं ऐच्छिक असतं. तिथे गेलेला क्लब परत आलेला कोणी पाहिला नव्हता.

शेवटच्या सामन्याच्या आधीच्या सोमवारी क्लबाच्या खोलीत बैठक बसली.

"घरचे सामने पंधरा, म्हणजे पंधराशे माणसं हवीत," अध्यक्ष म्हणाले. "चौदा सामन्यांत झाली बाराशे अठ्ठ्याऐंशी. या शनिवारी दोनशे बारा आली पाहिजेत."

"दोनशे बारा माणसं इथं शेवटची कधी आली होती?" प्रशिक्षकाने विचारलं.

"समोरच्या गोदामाला आग लागली तेव्हा," पोस्टमन म्हणाला.

अध्यक्षांनी खुर्ची मोजकाकांच्या जवळ ओढली. आवाजात साखर घातली. "काका, म्हणजे मी काही म्हणत नाही हं. पण एवढा वेळ दाबून दाबून माणसाच्या अंगठ्याला मुंग्या येतात. एखाद्या वेळी एकाच्या जागी दोनदा दाबलं जातं. होतं की नाही?"

मोजकाका उठून उभे राहिले. "अध्यक्ष, तीस वर्षं मी लोकांच्या मापातलं पाप पकडत आलोय. या अंगठ्याने एक माणूस जास्त दाबला तर हा अंगठा मी कापून तुमच्या टेबलावर ठेवीन. क्लब गेला तरी चालेल, मापात पाप होणार नाही."

ते ऐकून प्रशिक्षकाने नकळत पाठ ताठ केली. अध्यक्ष ओशाळले. पोस्टमन तर म्हणाला, "काका, तुम्ही आहात म्हणून." म्हणून काय ते त्याने सांगितलं नाही, पण सगळ्यांना कळलं.

मोजकाका बाहेर पडले तेव्हा त्यांचे कान तापले होते. रागाने नव्हे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ही म्हण त्यांना घरापर्यंत सोबत करत होती.

त्याचं असं झालं होतं. अकरा वर्षांपूर्वी, पहिल्याच शनिवारी, ते बायकोला सामना बघायला घेऊन गेले होते. तिसऱ्या रांगेत कडेची जागा, तिथे ऊन येत नाही. "बस इथं, मी आलोच," म्हणाले आणि फाटकावर जाऊन उभे राहिले. मध्यंतराला ती पिशवी घेऊन बाहेर आली.

"काय झालं गं?"

"काही नाही. तुम्ही मला मोजलंत आणि विसरलात," ती म्हणाली आणि घरी निघून गेली. त्यानंतर पुन्हा तिने तिकडे पाऊल टाकलं नाही.

पुढच्या शनिवारी मोजकाकांनी सामन्याआधी यंत्र तपासायला एकदा दाबून पाहिलं. कुठलाही तपासनीस वापरण्याआधी यंत्र तपासणारच. आकडा आला एक. तो परत शून्यावर आणायचा असतो. त्यांची नजर मात्र तिसऱ्या रांगेतल्या त्या रिकाम्या जागेकडे गेली आणि हात थांबला. असू दे, ते मनात म्हणाले. आणि मग अकरा वर्षं, दर सामन्याला, ते असू देच राहिलं. बाकीच्या वर्षांचं कोणी विचारत नव्हतं. पण यंदाचे चौदा सामने, म्हणजे चौदा माणसं. खरा आकडा बाराशे चौऱ्याहत्तर. शनिवारी दोनशे बारा नव्हे, दोनशे सव्वीस हवीत, आणि हे सबंध जगात एकाच माणसाला माहीत होतं.

घरी बायको शिलाई मशीनवर बसली होती. ती शाळेचे गणवेश शिवायची. एक बाही लावून झाली होती, दुसरी मांडीवर होती. मोजकाकांनी चपला काढल्या, पाणी प्यायलं आणि उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. मशीन थांबलं.

"म्हणजे मी अकरा वर्षं तिथं येतेय," ती सावकाश म्हणाली, "आणि मलाच पत्ता नाही?"

"अगं, तसं नाही..."

"नाही, चांगलंय की. बोलते-बिलते का मी कोणाशी तिथं?"

"चेष्टा करू नकोस."

"चेष्टा कोण करतंय? माझ्या भावाचं वजन पाच ग्रॅमने कमी भरलं तर चारचौघांत जप्त केलंत. आणि इथं अख्खी बायको जास्तीची घातलीत? माझं वजन माहितीये ना तुम्हाला?"

मोजकाकांना लाज वाटत होती. साधी, सरळ लाज, शाळेत कॉपी पकडली गेलेल्या पोराला वाटते तशी. त्यांनी कागद घेतला, संघटनेला पत्र लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. 'माझ्या मोजणीत चौदा माणसं खोटी आहेत, ती वजा करावीत.'

"चौदा नाही," ती दोरा दातांनी तोडत म्हणाली. "एकच बाई, चौदा वेळा. आणि खोटी काय म्हणून? जिवंत बसलेय ना समोर!"

"क्लब बुडेल गं यानं. ती सगळी पोरं..."

"मग देऊ नका."

"न देऊन कसं चालेल? सोमवारी कुठल्या तोंडानं तराजू बघू मी?"

"मग द्या."

"तुला काहीच वाटत नाही?"

ती दुसरी बाही सुईखाली सरकवत म्हणाली, "मला काय वाटायचंय? मी कुठं असते तिथं?" आणि मशीन चालू केलं.

शनिवारी मोजकाकांनी पत्र वरच्या खिशात घातलं. मध्यंतराची शिट्टी झाली की मोजणी बंद होते, संघटनेचा निरीक्षक आकडा बघून सही करतो, आणि त्याच वेळी पत्र त्याच्या हातात द्यायचं, असं त्यांनी ठरवलं. फाटकावर गेल्यावर यंत्र तपासायला एकदा दाबलं. एक आला. अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तो परत शून्यावर आणला.

अध्यक्षांनी आठवडाभरात नुसता धुमाकूळ घातला होता. प्लायवूड नेणारे सुतार आले. ड्रायव्हिंग स्कूलचे एकोणतीस शिकाऊ आले, कारण परीक्षा पुढच्या आठवड्यात होती आणि प्रशिक्षकाने त्यांच्याकडे नुसतं बघितलं होतं. पोस्टमनची अख्खी गल्ली आली; त्यातल्या एका आजोबांनी पार्सल इथे वाटणार का म्हणून विचारलं. "फुटबॉल कुठंय?" असंही तिघाचौघांनी विचारलं. मोजकाका खाली मान घालून पाय मोजत होते. टिक, टिक, टिक.

पाऊणशेच्या आसपास दोन जोड्या पाय आले आणि मोजकाकांचा अंगठा थांबला. "टोपी बदलली," ते वर न बघता म्हणाले, "चपला त्याच."

ते अध्यक्षांचे दोन मेव्हणे होते. मागच्या भिंतीच्या भगदाडातून बाहेर पडून पुन्हा पुढून आले होते. "काका, एवढं काय त्यात?" धाकटा म्हणाला.

"आत जा, बसा. पण तुमचं एकदाच झालंय," मोजकाका म्हणाले.

तीनला सामना सुरू झाला. आत काय चाललंय ते मोजकाकांना नेहमीप्रमाणे पाठीमागून ऐकूनच कळत होतं. एक गोल झाला, आपल्यावर. थोड्या वेळाने आणखी एक, आपल्यावरच. "आरशात बघ!" प्रशिक्षक ओरडला. तिसरा झाला. निरीक्षक अध्यक्षांच्या खोलीत मैदानाकडे पाठ करून चहा पीत होता. मैदानाकडे तोंड करून बसण्याचा भत्ता त्याला मिळत नसावा.

छत्तिसाव्या मिनिटाला यंत्रावर दोनशे अकरा होते आणि रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

अध्यक्ष धावत आले. यंत्रात डोकावले आणि त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "एक! काका, फक्त एक! ते बघा कुत्रं चाललंय, चार पाय आहेत त्याला, दोन तरी मोजा!"

"माणूस आला तर दाबीन."

अध्यक्षांच्या डोळ्यांत खरोखरच पाणी आलं. मोजकाकांना त्यांची दया आली, कारण एक मिळाला तरी काही होणार नव्हतं. एकाच्या मागे आणखी चौदा उभे होते, आणि ते खिशातल्या पत्रात होते.

तेवढ्यात समोरून पाय आले. पायात तपकिरी बूट, ज्यांची टाच मोजकाकांनी स्वतः मंगळवारी मोच्याकडून बसवून आणली होती. त्यांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा मान वर केली. हातात पिशवी घेऊन बायको उभी होती.

"दोनशे बारा!" अध्यक्ष किंचाळले. "वहिनी, देवासारख्या आलात! काका, दाबा!"

"थांबा," ती म्हणाली. "दाबू नका. आधी मागचं."

फाटकाला दोन वाटा होत्या, एक आत यायची, एक बाहेर जायची, मध्ये लोखंडी कठडा. ती एका वाटेने आत आली, कठड्याला वळसा घालून दुसरीने बाहेर गेली आणि पुन्हा समोर येऊन उभी राहिली.

"हा कुठला होता?" तिने विचारलं.

मोजकाकांना समजायला एक क्षण लागला. "पहिला," ते म्हणाले. "बंदरवाल्यांशी. शून्य-तीन."

ती पुन्हा आत आली, बाहेर गेली.

"दुसरा. रेल्वेवाल्यांशी. एक-एक."

"अगंबाई, बरोबरी! आणि मी घरी गणवेश शिवत बसले होते." ती तिसऱ्यांदा आत शिरली.

"वहिनी, हे काय चाललंय?" अध्यक्ष रडकुंडीला आले. "पाच मिनिटं राहिलीत!"

"डॉक्टरांनी चालायला सांगितलंय," ती म्हणाली आणि चालत राहिली.

पाचवा सामना वाऱ्याचा होता, गोलफलक उडून डबक्यात पडला होता. सहाव्याला पंच वेळेवर आलाच नव्हता, एक तास उशिरा सुरू झाला. सुतार, शिकाऊ, आजोबा, सगळे वळून फाटकाकडे बघायला लागले, कारण मैदानापेक्षा इथे जास्त चुरस होती. अध्यक्षांच्या धाकट्या मेव्हण्याने तर तक्रारच केली. "आम्हाला हटकलंत, आणि घरचं माणूस आलं की चालतं होय?"

"तुमच्यासाठी दाबायचं होतं," मोजकाका म्हणाले. "तिच्यासाठी दाबून झालंय."

सातव्याला ते अडखळले.

"कुठला?" तिने विचारलं.

"गिरणीवाल्यांशी. त्या शनिवारी तू दवाखान्यात होतीस. गुडघ्याचं ऑपरेशन."

ती थांबली. "तेव्हाही मोजलंत?"

"तेव्हाही."

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि पुढे निघाली. पण त्यानंतर तिने टोमणा म्हणून एक मारला नाही. दहाव्या फेरीला तिला धाप लागली. अकराव्याला तिने कठडा धरला.

"बस कर गं," मोजकाका म्हणाले. "उरलेल्या फेऱ्या मी धरतो..."

"मोजा," ती म्हणाली. "उगाच सूट देऊ नका. तुमचा स्वभाव नाही तो."

तेराव्या फेरीला पंचाने घड्याळ पाहिलं, पण पोस्टमन पायात गोळा येऊन आडवा पडला होता. चौथा गोल वाचवताना नव्हे, आतून काढून आणताना. त्याला उठवण्यात मिनिटभर गेलं. क्लबाच्या इतिहासात गोलरक्षकाने वाचवलेली ही पहिली गोष्ट.

चौदावी फेरी संपली. हे कुठल्याच नियमात बसत नव्हतं, मोजकाकांना पक्कं ठाऊक होतं. संघटनेच्या नाही, सरकारच्या नाही, कोणाच्याच नाही. त्यांच्या मनातल्या तराजूत मात्र दोन्ही पारडी बरोबर आली, पाच ग्रॅमचाही फरक नाही.

ती पुन्हा फाटकासमोर उभी राहिली. घामाने कपाळ चिंब झालं होतं, एक गुडघा वाकवून उभी होती. "आता दाबा," ती म्हणाली. "ही आजची."

टिक. दोनशे बारा. आणि शिट्टी वाजली.

अध्यक्षांनी जवळच्या एका शिकाऊला मिठी मारली, ज्याला शेवटपर्यंत कळलं नाही की काय झालं. निरीक्षक तोंड पुसत आला, यंत्र बघितलं, सही केली. "तुमचा आकडा म्हणजे बघायलाच नको," तो म्हणाला. "आणखी काही?"

मोजकाकांचा हात वरच्या खिशाकडे गेला. पत्राचं टोक बोटांना लागलं.

"तो कागद इकडे द्या," बायको म्हणाली. "बाकडं धुळीचं असेल."

तिसऱ्या रांगेत, कडेला, तिने पत्र उलगडून बाकड्यावर पसरलं आणि त्यावर बसली. मोजकाका शेजारी उभेच राहिले, फाटकाकडे बघत.

"बसणार आहात की पुन्हा आलोच म्हणून जाणार आहात?"

मोजणी संपली होती. फाटकावर उभं राहायला आता काही कारण नव्हतं, आधीच्या अकरा वर्षांतही मध्यंतरानंतर नव्हतं. हे त्यांच्या आजच लक्षात आलं. ते बसले. उत्तरार्ध सुरू झाला. थोड्या वेळाने रिकाम्या फाटकातून एक जोडपं रमतगमत आत आलं, कोणी मोजलं नाही, आणि मोजकाकांचा अंगठा मांडीवर आपोआप हलला. बायकोने त्यांचा हात धरला आणि अंगठा मुठीत घेतला.

"समोर बघा," ती म्हणाली.

समोर पाचवा गोल झाला. पोस्टमन जाळीतून चेंडू काढायला वाकला.

"अहो," तिने विचारलं, "हे नेहमी असंच खेळतात?"

"मला काय माहीत?" मोजकाका म्हणाले. "मी पहिल्यांदाच बघतोय."